आठ महिने रोज गॅलागा: खेळ आणि सेटअप, दोन्हींचा अनुभव

गॅलागा म्हणजे पडद्याच्या तळाशी विमान डावं-उजवं हलवत वरच्या मधमाश्या, फुलपाखरं आणि त्यांचे बॉस अशा शत्रूंवर गोळ्या झाडायचा जुना आर्केड खेळ. सेटअप असा: २४ इंची आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग फारसा न बदलणारा) मॉनिटर उभा फिरवलेला, सान्वा कंपनीची जेएलएफ जॉयस्टिक, ३० मिमीचं बटण, साधा यूएसबी एन्कोडर (बटणांचे दाब कॉम्प्युटरला कळवणारा बोर्ड) आणि कॉम्प्युटरवर मेम, म्हणजे जुनी आर्केड मशीन चालवणारा प्रोग्राम. रोज अर्धा-पाऊण तास वापर. निकाल आधीच सांगून टाकतो. खेळाला पैकीच्या पैकी मार्क. सेटअपमध्ये मात्र बटण, जॉयस्टिकची जाळी (काठी किती आणि कुठे हलेल हे ठरवणारी चौकट) आणि व्ही-सिंक (चित्र मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारं सेटिंग) या तीन गोष्टींकडे बघावं लागलं, आणि बटण व व्ही-सिंकचा त्रास इतका का बोचतो याचं कारण खेळाच्या एकाच नियमात सापडलं.

तो नियम म्हणजे दोन गोळ्या. नामको या जपानी कंपनीच्या १९७९च्या गॅलॅक्सियन या आधीच्या खेळात पडद्यावर तुमची एका वेळी एकच गोळी असायची. १९८१च्या गॅलागात ती दोन झाली. दोन्ही गोळ्या हवेत असतील तर बटण कितीही बडवा, तिसरी सुटत नाही. नेम लागला की गोळी तिथेच संपते आणि जागा लगेच मोकळी होते. नेम चुकला तर ती गोळी वरच्या कडेबाहेर जाईपर्यंत जागा अडवून बसते. दोन्ही चुकल्या की तेवढा वेळ तुम्ही निःशस्त्र, आणि नेमक्या त्याच वेळी वरून एखादं फुलपाखरू वळण घेत अंगावर येतं. उलट शत्रू खाली जवळ आलेला असेल तर गोळी लागून पटकन परत मिळते, म्हणजे धोका जितका जवळ तितका तुमचा मारा वेगवान. पहिल्या आठवड्यात बटण बडवणारा हात तिसऱ्या महिन्यात मोजून गोळी सोडायला लागतो, आणि खरा गॅलागा तिथून सुरू होतो.

गुणांची मांडणीही याच दिशेने ढकलते. एका स्टेजला ४० शत्रू: २० मधमाश्या, १६ फुलपाखरं, ४ बॉस. मधमाशी रांगेत मारली तर ५०, झेप घेताना मारली तर १००. फुलपाखराचे ८० आणि १६०. बॉसला दोन गोळ्या लागतात. पहिलीने हिरव्याचा निळा होतो, दुसरीने मरतो. रांगेत मारलात तर १५०, एकटा खाली येताना ४००, एक सोबती घेऊन येताना ८०० आणि दोन सोबती असताना १६००. त्यामुळे रांगेतल्या बॉसवर गोळी खर्च करणं म्हणजे हातातले पैसे सांडणं. तो दोन फुलपाखरं घेऊन निघेपर्यंत थांबायचं, सोबत्यांना हात लावायचा नाही, आधी बॉस. हे बोलायला सोपं आहे. तिघं एकत्र वळतात तेव्हा बोट आपोआप बाजूच्या फुलपाखरावर गोळी सोडतं, आणि १६००चे ८०० होतात.

आता पकडण्याचा किरण. बॉस मध्येच थांबून निळसर किरण सोडतो आणि तुमचं विमान ओढून नेतो. शेवटचं विमान असेल तर खेळ तिथेच संपतो, म्हणून हातात किमान एक शिल्लक असल्याशिवाय हा जुगार खेळू नका. पकडलेलं विमान त्याच बॉससोबत राहतं. तो बॉस झेप घेताना मारलात तर विमान सुटून तुमच्या शेजारी जोडलं जातं आणि मारा दुप्पट होतो. रांगेत असताना मारलात तर तेच विमान तुमच्यावर उलटतं. सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे: विमान बॉसच्या मागे असतं, आणि घाईत सोडलेली एक जादा गोळी बॉस मेल्यावर सरळ पुढे जाऊन तुमचंच विमान फोडते. दोन मोजून मारायच्या आणि बोट उचलायचं.

जोडविमान मिळालं की सगळं सोपं होतं असं वाटतं, पण रुंदीही दुप्पट झालेली असते. एरवी ज्या फटीतून निसटलो असतो तिथे एक पंख अडकतो. आदळल्यावर निदान एकच विमान जातं. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या दोन स्टेजमध्येच जोडविमान करून घ्या. कारण तिसरी स्टेज चॅलेंजिंग, आणि त्यानंतर दर चौथी, म्हणजे ७, ११, १५. त्यात शत्रू गोळी झाडत नाहीत. आठ-आठच्या पाच तुकड्या ठरलेल्या वाटेने येऊन निघून जातात. चाळीसच्या चाळीस टिपले तर १०,००० गुण, नाहीतर प्रत्येकी १००. मूळ सेटिंगमध्ये पहिलं जादा विमान २०,००० गुणांवर, दुसरं ७०,०००वर आणि मग दर ७०,०००ला, त्यामुळे सगळे टिपलेली एक चॅलेंजिंग स्टेज म्हणजे पहिल्या जादा विमानाची अर्धी वाट. वाटा पाठ होतात. तुकडी दिसायच्या आधी कुठे उभं राहायचं हे कळायला लागलं की मजा वाढतेच.

बटणाची अडचण चौथ्या महिन्यात सुरू झाली. एकदा दाबलं की कधीकधी दोन गोळ्या सुटायच्या. आतला स्विच झिजून त्याचा संपर्क थरथरतो आणि एन्कोडर एकाच दाबाला दोन मोजतो. दुसऱ्या कुठल्या खेळात हे लक्षातही येणार नाही. इथे दुसरी गोळी फुकट जाते आणि जागा अडते, म्हणून दोष लगेच बोचतो. तपासायला सोपं आहे: स्टेज सुरू झाल्यावर रांगेच्या फटीखाली उभे राहून सावकाश वीस वेळा दाबा आणि गोळ्या मोजा. उपाय म्हणजे नवं बटण. घेताना टोकांचं माप बघा, सान्वाच्या बटणाला तारेची २.८ मिमीची क्लिप लागते. मायक्रोस्विचवाल्या अमेरिकन धाटणीच्या बटणांना बहुधा ४.८ची. विक्रेत्याने चुकीच्या क्लिपा पाठवल्या तर पक्कडीने दाबून बसवू नका, काही दिवसांत सैल होऊन तोच त्रास परत येतो.

जॉयस्टिकला फक्त डावं-उजवं पुरतं, म्हणून जाळी फिरवून चार-दिशा करणं योग्य वाटतं. तसं करू नका. चार-दिशेत हात जरा वर सरकला की डावीकडचा संपर्क सुटतो आणि विमान जागच्या जागी थबकतं. आठ-दिशा चौकोनी जाळी ठेवा. कोपऱ्यातही डावं दाबलेलंच राहतं, आणि वर-खालीचा खेळाला उपयोग नसल्याने बिघडत काहीच नाही. खरी दोन-दिशा काठी मिळाली तर उत्तमच.

मॉनिटर उभा करण्याला पर्याय नाही. मूळ चित्र २२४ बाय २८८ पिक्सेलचं आणि उभं. २४ इंची मॉनिटर फिरवला की रुंदी साधारण ३० सेंमी मिळते, ३:४ प्रमाणात चित्र ३० बाय ४० सेंमी होतं, म्हणजे कर्ण साडेएकोणीस इंचांच्या आसपास. पार्लरमधल्या १९ इंची पिक्चर ट्यूबएवढंच. १०८० बाय १४४० वर उंचीचा गुणाकार बरोबर पाचपट बसतो, रुंदीचा बसत नाही, तेव्हा थोडं स्मूदिंग (पिक्सेलच्या कडा मऊ करणं) चालू ठेवा, नाहीतर मधमाश्यांचे पंख कमीजास्त जाड दिसतात. टीएन पॅनल (आयपीएसपेक्षा स्वस्त प्रकारचा पडदा) फिरवायला घेऊ नका, डाव्या-उजव्या डोळ्याला रंग वेगळा दिसतो.

मूळ मशीन सेकंदाला ६०.६ फ्रेम चालवतं, मॉनिटर ६०. साध्या व्ही-सिंकने मधूनमधून झटका बसतो आणि गोळी उशिरा सुटल्यासारखी वाटते. फ्रीसिंकवाला, म्हणजे खेळाच्या वेगाशी स्वतःचा वेग जुळवून घेणारा मॉनिटर आणि मेममधला लो-लेटन्सी (उशीर कमी करणारा) पर्याय यांनी ते मिटलं. टीव्हीवर खेळणार असाल तर त्यातला उशीर कमी करणारा गेम मोड आधी लावा. ब्लूटूथ पॅड तर नकोच.

आपल्याकडे अनेकांची ओळख टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमधल्या गॅलागाशी आहे. ती १९८५च्या फॅमिकॉम (निन्टेंडोचं घरगुती गेम यंत्र) आवृत्तीची नक्कल. आडव्या पडद्यासाठी मैदान बुटकं केलेलं आणि गुण उजव्या पट्टीत. अंतर कमी, म्हणून चुकलेली गोळीही लवकर परत येते. वाट बघण्याची ती धास्ती तिथे उरत नाही. मोबाइलवरच्या आपोआप गोळ्या झाडणाऱ्या नकलांबद्दल तर बोलायलाच नको.

एक जुनी युक्ती मूळ रॉमवर (मशीनच्या चिपमधल्या मूळ प्रोग्रामवर) आजही चालते. पहिल्या स्टेजला डाव्या टोकाच्या खालच्या दोन मधमाश्या सोडून सगळे मारा आणि साधारण पंधरा मिनिटं नुसते चुकवत राहा. हळूहळू त्या गोळ्या झाडणं बंद करतात. मग मारा, पुढे कोणीच गोळी झाडत नाही, फक्त आदळतात. कारण प्रोग्राममधली चूक: शत्रूंच्या गोळ्यांना ठरावीक जागा आहेत, आणि अगदी कडेला, शून्य स्थानावर सुटलेली गोळी पुढे सरकवलीच जात नाही, त्यामुळे तिची जागा कायमची अडते. सगळ्या जागा अशा भरल्या की संपलं. एकदा करून बघा, मग सोडून द्या. गोळ्याच नसतील तर जवळ जाण्याचं धाडस कशाला म्हणायचं?

खेळ संपल्यावर झाडलेल्या गोळ्या, लागलेल्या गोळ्या आणि टक्केवारी दिसते. उच्चांकापेक्षा मी ती टक्केवारीच बघतो. मूळ बोर्डवर यातलं काहीच साठत नाही, वीज गेली की उच्चांकही पुसला जातो. मेममध्ये हायस्कोर प्लगइन चालू केलं तर उच्चांक राहतो. टक्केवारी मात्र राहत नाही, ती पडद्यावरून जायच्या आत वहीत उतरवून घ्यावी लागते.