होडीवरचा फिशफाइंडर: दहा महिने खाऱ्या पाण्यात वापरल्यावर

गेल्या ऑगस्टात मासेमारीबंदी उठली तेव्हा मालवणातल्या आमच्या २४ फुटी फायबर होडीसाठी दोन वस्तू घेतल्या. पाच इंची पडद्याचा, जीपीएस असलेला फिशफाइंडर (पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) आणि ५ वॅटचा हातातला व्हीएचएफ सेट (समुद्रात बोलायचा वायरलेस). मे संपताना दोन्ही उतरवून घरी आणले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दहा महिन्यांत जो काही ताप झाला त्यातला बहुतेक त्या डब्यातला नव्हताच. वायर, जोडणी आणि माझं अज्ञान, या तिघांचा होता.

घेताना मी सगळा वेळ पडदा किती मोठा यात घालवला. विचारायला हवं होतं ते वेगळंच: होडीवर वीज कुठून येणार? आमचं ९.९ हॉर्सपॉवरचं मशीन दोरी ओढून चालू होतं, बॅटरी चार्ज करायची सोय त्यात नाही. २५ वॅटचा बसवायचा व्हीएचएफ बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो, म्हणून तो सोडला. फिशफाइंडर मात्र अर्ध्या अँपिअरच्या आसपास खातो. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची छोटी सीलबंद बॅटरी सकाळच्या फेरीला पुरते. ती निम्म्याखाली उतरवायची नाही आणि घरी आल्या आल्या चार्जिंगला लावायची, इतकं पाळलं.

पहिला महिना छान गेला. गणपतीनंतर फिशफाइंडर मध्येच बंद पडू लागला. लाटेवर होडी आपटली की पडदा काळा. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला सेट पाठवा, आणि पुढे तीन आठवडे फोनच उचलला नाही. माल परदेशी वॉरंटीचा होता, हे बिल नीट वाचल्यावर कळलं. (बिल आधी वाचतात म्हणे.) शेवटी मीच वायर सोलली. घरगुती फिटिंगची तांब्याची वायर, वेटोळं देऊन वर इन्सुलेशन टेप. टेपच्या आत हिरवा भुगा. चिमटीत धरली तर वायर तुटली. खारं पाणी टोकातून आत शिरतं आणि तारेच्या आतून वर चढत जातं, बाहेरून वायर नवीच दिसते. मग कथलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर आणली, क्रिम्प करून (टोकं दाबून घट्ट जोडून) त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी बसवली, बॅटरीच्या प्लसजवळ ३ अँपिअरचा फ्यूज लावला. एकूण खर्च १,८०० रुपये. त्यानंतर पडदा एकदाही काळा झाला नाही.

खरी डोकेदुखी ट्रान्सड्यूसरची, म्हणजे पाण्यात आवाज सोडणाऱ्या आणि परत ऐकणाऱ्या भागाची. माहितीपत्रकात तो मागच्या फळीला, मशीनच्या पंख्यापासून लांब, तळाच्या किंचित खाली बसवायला सांगतात. बुडबुडे आले की आवाज खाली जात नाही आणि खोली दाखवायची थांबते, म्हणून ते बरोबरच आहे. पण माहितीपत्रक लिहिणाऱ्याने होडी वाळूवर ओढलेली दिसत नाही. दुसऱ्याच महिन्यात ब्रॅकेट वाळूत अडकून मोडला. मग तो होडीच्या आत, तळाला आतल्या बाजूने इपॉक्सीने चिकटवायचं ठरवलं. त्याआधी पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ट्रान्सड्यूसर ठेवून ती पिशवी तळाला दाबून पाहिली. शिसं बांधलेली दोरी टाकून खोली मोजली तर ९ वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) आणि पडद्यावरही ९ वाव, म्हणजे आवाज फायबरमधून जातो. लाकडी होडीत किंवा दोन थरांत फोम असलेल्या तळात हे जमत नाही. चिकटवताना इपॉक्सीत एकही हवेचा फुगा राहू द्यायचा नाही. तोटा दोन गोष्टींचा: पाण्याचं तापमान आता कळत नाही, कारण ते होडीच्या तळाचं तापमान दाखवतं, आणि आतून लावल्यावर डाउनस्कॅन (तळाचं बारीक चित्र दाखवणारी सोय) चालत नाही. मला डाउनस्कॅनची गरज कधी पडलीच नाही. तापमानाची मात्र आठवण येते.

मशीन चालू केलं की पडद्यावर उभ्या रेघा यायच्या. ट्रान्सड्यूसरची केबल आणि वीज नेणारी वायर मी एकत्र बांधली होती. वेगळ्या केल्या, रेघा गेल्या. आणि मापाचं एकक पहिल्याच दिवशी मीटरवरून फॅदमवर, म्हणजे वावांवर करा. बाबांना वाव कळतात, मीटर कळत नाहीत.

पडदा वाचायला शिकायला मला दिवाळी उजाडली. उजवी कडा म्हणजे आत्ता, बाकी सगळा भूतकाळ. नांगरावर असताना तळाची सरळ रेघ दिसते, ती सपाट वाळू नसते, एकाच जागेची रेघ लांबत जाते. २०० किलोहर्ट्झवर आवाजाचा शंकू साधारण २० अंशांचा असेल तर १० वावांवर खाली जेमतेम सहा मीटरचं वर्तुळ दिसतं. माशांची चित्रं दाखवणारी सोय मी बंद केली. गढूळ पाण्यात, विशेषतः कर्ली नदीच्या मुखाशी, ती कचऱ्यालाही सुरमई म्हणते. ऑटो सोडून संवेदनशीलता हाताने कमी केली तर तारलीचा थवा ढगासारखा वेगळा दिसतो.

आता खडपाची, म्हणजे पाण्याखालच्या खडकाची गोष्ट. बाबांच्या वहीत त्यांच्या एका मित्राच्या जुन्या जीपीएसवरून उतरवलेल्या जागा आहेत. एक आकडा १६ ०१ ३० असा. मी तो १६ अंश ०१.३० मिनिटं असा भरला. पोचलो तर खाली निव्वळ चिखल. बाबांनी किल्ल्याचा बुरूज आणि मागच्या डोंगरातली खाच जुळवून पाहिली आणि म्हणाले, "खडप खंय गेला रे? तुझा मशीन खोटा बोलता." मशीन खोटं बोलत नव्हतं. वहीतले ३० हे सेकंद होते. ३० सेकंद म्हणजे अर्धं मिनिट, ०.३० नव्हे. फरक ०.२ मिनिटांचा, अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १,८५२ मीटर, म्हणजे आम्ही जवळजवळ ३७० मीटर दक्षिणेला होतो. बाबांच्या खुणेवर गेलो, तेव्हा खडप नेमकं खाली. आता सेटिंगमध्ये आधी लिहायची पद्धत बघतो, मग आकडा भरतो. खडपाची पूर्ण जागा इथे लिहिणार नाही, हे समजून घ्या.

व्हीएचएफबद्दल थोडंच. त्यात USA नव्हे, INT (आंतरराष्ट्रीय) ही चॅनेलची मांडणी निवडा आणि परवान्याचं आधी बघा. १६ नंबरचं, संकटात हाक मारायचं चॅनेल ऐकत राहायचं. वॅटपेक्षा उंची महत्त्वाची: दोन्ही सेट पाण्यापासून दोन मीटरवर असतील तर साधारण ११-१२ किलोमीटरच्या पुढे आवाज पोचतच नाही. म्हणून बोलायचं असेल तेव्हा मी उभा राहतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा शोध-बचावाचा नंबर मोबाइलमध्ये आहे, पण बाहेर गेलं की मोबाइलला रेंज नसते. एका काळोख्या पहाटे कंपास विचित्र फिरलेला दिसला. व्हीएचएफ सेट कंपासला लागून टांगला होता आणि स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. आता तो माझ्या गळ्यात असतो.

पडद्यावर मीठ सुकलं की लोक कोरड्या फडक्याने पुसतात. ओरखडे तिथेच पडतात. आधी गोडं पाणी ओता, मग मऊ कापड. काच पुसायचा अमोनियावाला द्राव नको. प्लग रोज काढताना सरळ ओढा, पिनांना सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या. पोलरॉइड चष्मा घातला तर काही कोनांतून पडदा काळा दिसतो. सेट बिघडला समजून मी एकदा वाटेतूनच परत यायला निघालो होतो.

आता बंदी चालू आहे. सेट कपाटात, बॅटरी दर १५ दिवसांनी चार्जरवर. ट्रान्सड्यूसरच्या एका कडेला इपॉक्सी किंचित सुटल्यासारखं वाटतंय, तो जुलैत पुन्हा बसवेन. बाबा मात्र वहीतले सगळे सेकंद ६० ने भागत बसलेत आणि प्रत्येक आकड्यासमोर जुनी खूणही लिहून ठेवतायत.