देलाए १३५ परत १९३८ मध्ये: वर्कशॉपचा रिव्ह्यू, चार स्टार (पाचवा का कापला ते खाली आहे)

आधीच सांगतो, गाडी माझी नाही, ती आपली ऐपतच नाही. पॅरिसला आमच्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर एक फ्रेंच आजोबा राहतात, त्यांच्या वडिलांची ही देलाए १३५ एम, १९३८ ची, बॉडी आँरी शाप्रोंची, दोन दाराची काब्रिओले, म्हणजे छप्पर दुमडता येणारी. आजोबांना ईमेल न फोटोबिटो जमत नाहीत, म्हणून गाडी मूळ रूपात आणणाऱ्या या वर्कशॉपशी चार वर्षं सगळा पत्रव्यवहार मी केला, दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यांना घेऊन लुआर नदीच्या बाजूला चक्करही मारली, तेव्हा रिव्ह्यू लिहायचा हक्क मी आपला घेतलाय. वर्कशॉपचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रार पण आहे. सहा माणसांचं छोटं काम आहे एवढं समजा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. त्या काळी देलाए कंपनी चासी, इंजिन, चाकं एवढंच द्यायची, मग गिऱ्हाईक ते धूड घेऊन कॅरोसिएकडे म्हणजे बॉडी बनवणाऱ्याकडे जायचं. शाप्रोंचा कारखाना पॅरिसला लागूनच, लव्हाल्वा-पेरेला. अ‍ॅश लाकडाचा सांगाडा, त्यावर हाताने ठोकलेला पत्रा. म्हणून दोन १३५ शेजारी लावल्या तरी जुळ्या बहिणी नसतात, अहो एकाच गाडीचा डावा आणि उजवा मडगार्ड पण टेप लावला की थोडा फरक दाखवतो. स्पेअर पार्टचा कॅटलॉग वगैरे बॉडीसाठी विसरा.

त्यात आमच्या गाडीचा घोळ असा की युद्धानंतर आजोबांच्या वडिलांनी तिला "नवीन" करून घेतली होती. बाहेर उभे असलेले हेडलाइट काढून मडगार्डमध्ये बसवले, पुढे जाडजूड बंपर आणि वर क्रीम रंग. तेव्हा फ्रान्समध्ये मोठ्या इंजिनवर टॅक्स एवढा वाढला की नवी मोठी गाडी घेणं परवडेना, मग बरेच लोक जुनीलाच असा साज चढवायचे. आधी एका दुसऱ्या ठिकाणी दाखवली तर तो म्हणाला चौदा महिन्यांत आरसा करून देतो. इथला मालक टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन दोन तास गाडीभोवती फिरला, खाली झोपला, काही लिहिलं नाही, आणि शेवटी आजोबांना एवढंच विचारलं, "कोणत्या दिवशीची गाडी पाहिजे तुम्हाला?" काम तिथंच पक्कं झालं.

आजोबांचं उत्तर, वडिलांनी शाप्रोंकडून उचलली त्या दिवशीची.

रंगाची गंमत सांगतो. घरात एकच जुना फोटो, त्यात गाडी काळी दिसते, आम्ही सगळे काळी काळी करत बसलो होतो. मालक म्हणाला थांबा, त्या काळच्या बऱ्याच फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, लाल वस्तू फोटोत काळी यायची. डॅशबोर्डची लाकडी पट्टी काढली तर मागे न उडालेला, न उन्हाने विटलेला गडद वाइनसारखा लाल! आजोबा पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग रंग पण जुन्या पद्धतीचा, सेल्युलोज लॅकर, पातळ थर, प्रत्येक थर हाताने घासून. २००४ च्या युरोपियन नियमाने असल्या सॉल्व्हंटवाल्या रंगांवर मर्यादा आल्यात, पण ऐतिहासिक गाड्यांसाठी खास परवानगीची सोय आहे, ती कागदपत्रं यांनीच केली. काचेसारखी चकचक नाही येत याला, मऊ चमक येते. काही लोकांना ती फिकी वाटेल, वाटू दे. २०२४ ला अमेरिकेत पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या शोमध्ये पहिलं बक्षीस रिस्टोअर न केलेल्या १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला गेलं, तेव्हापासून चकचकवाले जरा गप्प आहेत.

सुताराला मात्र माझे वेगळे पाच स्टार. दाराच्या कडेला जिथे लोखंडी स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला भिडले होते तिथे पत्रा पांढरी पूड होऊन गेला होता आणि पाणी शिरून आतलं लाकूडही भुसभुशीत. त्याने अख्खा सांगाडा नवा नाही केला, कुजलेला भाग तेवढाच कापून नवीन अ‍ॅशचा तुकडा सांधला, आणि प्रत्येक नव्या तुकड्यावर साल कोरलं, म्हणजे उद्या कोणी उघडलं तर जुनं कुठलं नवं कुठलं कळावं. मागच्या सीटखाली पेन्सिलने लिहिलेला बॉडी नंबर सापडला, लव्हाल्वाच्या कोणा सुताराच्या हातचा, त्याला कोणी हात लावला नाही. मडगार्डचं पण तेच, नवे ठोकणं सोपं होतं पण मूळ पत्रा वाचवायचा म्हणून हेडलाइटची भोकं आतून पत्रा जोडून बुजवली. मार्शाल कंपनीचे बरोबर मापाचे हेडलाइट फेब्रुवारीत रेत्रोमोबिल या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातल्या बाजारात मिळाले, पॅरिसच्या पोर्त द व्हर्सायला, तासभर घासाघीस करून.

मशिनरीबद्दल थोडक्यात. ३.५ लिटरचं सहा सिलेंडर, मूळ देलाएच्या ट्रकच्या इंजिनावरून आलेलं, त्यामुळे दणकट, फार त्रास दिला नाही. गिअरबॉक्स कोताल, म्हणजे स्टिअरिंगखाली चिमुकला खटका, तो हलवला की आतले विजेचे चुंबक गिअर बदलतात, क्लच फक्त गाडी हलवताना. रिव्हर्सचा दांडा वेगळा, त्यामुळे मागे जायलाही चार गिअर आहेत, कशाला ते देव जाणे. ब्रेक केबलचे, तसेच ठेवलेत. मी एकदा चालवली, सिग्नलच्या बऱ्याच आधीपासून पाय दाबून ठेवला होता.

आता पाचवा स्टार. सीट उघडल्या तेव्हा आतले घोड्याचे केस आणि जुनं कापड फोटो न काढता फेकून दिलं. एवढं पेन्सिलचं अक्षर जपणारी माणसं, आणि हे कचऱ्यात! कुशनवाला बाहेरचा होता म्हणे, पण बिल तर तुमच्या लेटरहेडवर आलं ना. शिवण किती अंतरावर होती ते मग त्या एका फोटोवर भिंग धरून मोजत बसलो. दुसरं, वेळ. दोन वर्षं सांगितली, चार लागली, आणि ऑगस्टच्या सुट्टीत फोनच उचलत नाहीत, महिनाभर, आठवण करून दिली तर उलट तेच आश्चर्य करतात. बिलात तास लिहितात पण कशाचे तास ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत, दर वेळी मी विचारायचो, दर वेळी नीट उत्तर यायचं, मग आधीच लिहा की बाबा.

तुमच्याकडे अशी गाडी असेल आणि शोमध्ये झळकवायची घाई असेल तर इथे जाऊ नका, भांडणं होतील. बाकीच्यांनी जा, फक्त सीट उघडायच्या दिवशी स्वतः कॅमेरा घेऊन हजर राहा.

काढलेला बंपर आणि ते हेडलाइटचे डबे फेकायचे नाहीत, ती पण गाडीचीच गोष्ट आहे असं मालकाने बजावलंय, म्हणून सगळं चिठ्ठी लावून लाकडी पेटीत भरून दिलं. पेटी आमच्या बिल्डिंगीच्या तळघरात आहे. माझी सायकल आता जिन्यात.