१०८ रुग्णवाहिका: सातारा पट्ट्यातल्या अपघातासाठी कितपत कामाची?

२०१४ पासून राज्यभर चालणारी ही सेवा मोफत आहे, आणि तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे गाडीत डॉक्टर असतो. सुरुवातीच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ एएलएस, म्हणजे व्हेंटिलेटरवाल्या, बाकी बीएलएस, म्हणजे प्राथमिक उपचारांपुरत्या. म्हणून पेशंट बेशुद्ध असेल तर फोनवर ते आवर्जून सांगा.

फोन साताऱ्यात नाही, पुण्याच्या कंट्रोल रूममध्ये उचलला जातो. त्यामुळे 'खंबाटकीत ॲक्सिडेंट झालाय' एवढ्यावर भागत नाही. घाटात दोन्ही दिशांचे रस्ते वेगळे आहेत. गाडी चुकीच्या बाजूला आली की वळून यायला मोलाची मिनिटं जातात. पुण्याकडे जाणारी लेन की साताऱ्याकडे येणारी, जवळचा किलोमीटरचा दगड, जखमी किती, कोणी पत्र्यात अडकलंय का, हे याच क्रमानं सांगा. मग फोन मोकळा ठेवा, गाडीतून उलट फोन येतो.

खरी कमजोर कडी पुढच्या रेफरलची, म्हणजे पेशंटला मोठ्या हॉस्पिटलला पाठवण्याची. डोक्याला मार असेल तर जवळचं हॉस्पिटल पुरेसं नसतं. सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन आत्ता आहेत का, हे निघण्याआधीच विचारून घ्यावं. नाहीतर दोन-दोन ठिकाणी पेशंट उतरवत बसावं लागतं.

पुण्याला हलवताना ऑक्सिजनचा काटा स्वतः बघा. भरलेला बी टाइप सिलिंडर सुमारे १५०० लिटरचा. मिनिटाला १५ लिटरच्या मास्कवर १०० मिनिटांत रिकामा. अंतर ११० किलोमीटरच्या आसपास, वर घाटातला ट्रॅफिक. दुसरा भरलेला सिलिंडर चढवल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.