रसेल, सात महिने वापरल्यानंतर: कान्ट सुटून मांडीवर पडला

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचं 'हिस्टरी ऑफ वेस्टर्न फिलॉसॉफी' (पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास) गेल्या आठवड्यात लोकलमध्ये उघडलं आणि जर्मन तत्त्वज्ञ कान्टचा अख्खा चॅप्टर मांडीवर आला. आठशे पानांच्या आसपासचं धूड आणि शिवण नाही, नुसता गोंद! विकणाऱ्याला फोटो पाठवले तर म्हणे रिटर्नची मुदत दहा दिवस. अहो, मी थेट तिसऱ्या भागापासून, म्हणजे मॉडर्नपासून सुरुवात केली होती, तरी दहा दिवसांत देकार्तपर्यंतही पोचलो नव्हतो.

वाचायला मात्र झक्कास. स्पिनोझावर याचा जीव, आणि लायब्निझ बुद्धीने अफाट पण माणूस म्हणून कौतुक करावं असा नाही, हे तोंडावर सांगतो. लिहिलंय महायुद्धाच्या काळात (१९४५ ला आलं), त्यामुळे रूसोवर एवढा चिडलाय की रेघ थेट हिटलरपर्यंत ओढतो. ह्यूम वाचताना माझं स्टेशन चुकलं. तो म्हणतो, कारण आणि परिणाम यांना सांधणारी कडी कुणी पाहिलेलीच नाही, आपण एकामागून एक घडताना बघतो आणि सवयीने पुढचं धरून चालतो. काल टिकला म्हणून आजही टिकेल, असं मी त्या गोंदाबद्दल धरून चाललो होतो तसंच.

तेव्हा पाच स्टार ठरवून टाकलेले. मग बहिणीने ती सुटी पानं बघून विचारलं, काय म्हणतो हा कान्ट? मी ऐटीत सांगितलं की ह्यूमने याला न तपासता मानून चालायच्या झोपेतून उठवलं, पण रसेलच्या मते ती जाग फार टिकली नाही, याने लगेच झोपेचं नवं औषध शोधलं. ती हसली. "बरं, पण औषध कुठलं?" झालं, आमची दांडी गुल! चॅप्टर दोनदा वाचलेला, लक्षात राहिला तो जोक.

म्हणून लायब्ररीतून कोपल्स्टनच्या तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा सहावा खंड आणला (फुकट). हा जेझुइट पाद्री, १९४८ मध्ये बीबीसीवर देव आहे की नाही यावरून रसेलशीच वाद घातलेला. खंडाचा जवळपास अर्धा भाग एकट्या कान्टला. कोरडा ठणठणीत, एका बैठकीत दहा पानं झाली तरी खूप, पण औषध कळलं: अवकाश, काळ, कार्यकारण या चौकटी आपल्या मनाकडूनच येतात, त्यांच्याशिवाय अनुभवच होत नाही, मग ह्यूमला ती कडी बाहेर सापडणार कशी? वस्तू मुळात कशी आहे ते मात्र कळत नाही ते नाहीच.

आता साडेतीन स्टार. एक गोंदाचा कापला, अर्धा यासाठी की कवी बायरनला स्वतंत्र चॅप्टर आणि तत्त्वज्ञ किर्केगार्डला नाही.

बाइंडरने १२० रुपयांत शिवून कापडी पुठ्ठा चढवून दिलं, काम दणकट आहे, फक्त कान्ट चुकून बायरनच्या मागे लावलाय. उसवून परत लावायचे ८० म्हणाला. राहू दे म्हटलं.