पाचर काढू नका म्हणाला, तेव्हाच उठायला हवं होतं

रिव्हॉल्व्हर हातात आल्यावर मी पाचर काढायला गेलो, तर विक्रेत्याने माझं मनगटच धरलं. "अहो, कोरं आहे. कारखान्यातून घट्टच येते ती. हातोडीने निकेलला चरा पडेल. घरी निवांत काढा." आवाजात इतकी काळजी होती की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

वस्तू होती १८५१च्या कोल्ट नेव्हीची नक्कल, इटालियन बनावटीची, काळ्या दारूवर चालणारी. ज्यांनी हे रिव्हॉल्व्हर हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. याच्या सिलिंडरवरून, म्हणजे बार भरायच्या फिरत्या नळकांड्यावरून, जाणारी पट्टी नसते, वरची बाजू उघडी असते. फ्रेममध्ये आटे पाडून बसवलेला एक जाड दांडा असतो, त्याला आर्बर म्हणतात. सिलिंडर त्याच्यावर फिरतो, पुढे नळी त्याच्यावरच चढते, आणि नळीतून व दांड्यातून आडवी जाणारी चपटी पोलादी पाचर सगळं जागेवर धरून ठेवते. पाचर काढली की दोन मिनिटांत रिव्हॉल्व्हरचं पोट उघडं पडतं. त्याला नेमकं तेच नको होतं.

"पोलादी फ्रेम, वर निकेल, एकही बार काढलेला नाही, दोन वर्षांपूर्वीचं." हे त्याचे शब्द. नळीत बोट घातलं तर जाड ग्रीस. ते म्हणे साठवणीचं, कंपनीने भरलेलं. मला तर ती नवेपणाची खूणच वाटली. कागदपत्रं रीतसर होती, त्यामुळे मी आणखीच निर्धास्त झालो. कागद रीतसर असले म्हणजे वस्तूही खरी असते, असं का वाटतं कोण जाणे.

जाताना त्याने एक डबा भेट दिला. "दारू आहे, सुरुवातीला पुरेल." डब्यावर चिठ्ठी नाही, नाव नाही, आत काळपट दाणे. नेमबाजीच्या मैदानावरच्या अधिकाऱ्याने तो डबा पाहिला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी तो मुकाट्याने त्याच्या हवाली केला. धूरविरहित दारूचे दाणेही काळे-करडे दिसतात. तिचा दाब या नळ्यांना सोसत नाही, सिलिंडर फुटतो. नळीवर 'फक्त काळी दारू' असं कोरलेलं असतं ते उगाच नाही. पैशांची फसवणूक एक वेळ गिळता येते, पण त्या डब्याबद्दल मी त्या माणसाला माफ केलेलं नाही.

मैदानावर पहिले सहा बार बरे गेले. दुसऱ्या फेरीत सिलिंडर अडखळायला लागला. काळ्या दारूची काजळी जमली की थोडं अडखळणं व्हायचंच, म्हणून मी मनाची समजूत घातली. तिसऱ्या फेरीत घोडा अंगठ्याने ओढता येईना. थांबलो, घरी आलो, लाकडी हातोडी घेतली. पाचर उजवीकडून डावीकडे ठोकून काढायची असते. उजव्या बाजूला तिचं टोक इतकं बाहेर आलेलं होतं की कुणीतरी ती जीव खाऊन आत हाणलेली असणार. विकत घेताना मी त्या बाजूने पाहिलंच नव्हतं.

नळी उतरली आणि आर्बर हातात डुगडुगला. फ्रेममधले आटे ढिले झाले होते. सिलिंडर काढला तर त्याच्या मागच्या कड्याचा गोल ठसा फ्रेमवर खोल उमटलेला. शेकडो धक्के खाल्ल्याशिवाय असा ठसा पडत नाही. त्या ठशाच्या कडेला निकेल उडालं होतं आणि खालून पिवळा धातू चमकत होता. पितळ उघडं पडलं म्हणतात, ते मी प्रत्यक्ष पाहिलं.

पितळी फ्रेमशी माझं वैर नाही. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडच्या कारखान्यांनी पोलाद मिळेना म्हणून पितळी फ्रेमची रिव्हॉल्व्हरं बनवलीच होती. दारू बेताची भरली तर ती बरीच वर्षं साथ देतात. पण भरपूर दारू भरून वापरली की पितळ दबतं, दांडा पुढे सरकतो, सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट वाढते. ती फट दिसू नये म्हणून पाचर खोल ठोकायची. नळी मागे ओढली जाते आणि विकण्यापुरतं सगळं घट्ट वाटतं. साधं चुंबक खिशात असतं तरी पुरलं असतं. पोलादाला ते घट्ट चिकटतं, पितळेवरच्या पातळ निकेलला तसं धरत नाही.

मग ग्रीस पुसलं. नळीत खड्डेच खड्डे. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. जळल्यावर मागे राहते ती खारट राख, आणि ती हवेतलं पाणी ओढून घेते. त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडं करून तेल लावलं नाही तर गंज वाट पाहत नाही. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं टाळाटाळ केली असणार. निपल, म्हणजे सिलिंडरच्या मागची ठिणगीची टोपी बसवायची छोटी तोंडं, तर काजळीने इतके जाम झाले होते की दोन अजूनही निघालेले नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या बाताही तिथंच संपल्या. इटलीत चाचणीचे शिक्के मारताना एका छोट्या चौकटीत वर्षाची अक्षरं ठोकतात. निकेल चढवण्याआधी घासून घासून ती पुसट केली होती, पण भिंगाखाली ए आणि एस दिसली. म्हणजे १९८७. आणखी एक गोष्ट, जी मला घरबसल्या कळायला हवी होती: मूळ कोल्ट नेव्ही ०.३६ इंच नळीव्यासाचीच होती. हे ०.४४ आहे. तशा नकला कंपन्या उघडपणे बनवतात, त्यात लबाडी नाही. पण "मूळ बरहुकूम" असं तो तीनदा म्हणाला आणि मी तीनदा मान डोलावली.

फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही बार काढलेत ना? मग आता ते कोरं कसं म्हणणार? ठसा तुमच्याच बारांचा असेल." अठरासुद्धा बार झाले नव्हते. पण विकत घेताना मी एकही फोटो काढलेला नव्हता, त्यामुळे माझ्या हातात काही नव्हतं.

परवा त्याची नवी जाहिरात दिसली. तसंच चकचकीत निकेल, तेच "एकही बार नाही". पाच फोटो, पाचही डाव्या बाजूने. मी दुसऱ्या नंबरवरून निरोप पाठवला: उजवीकडून, पाचरीच्या टोकाचा एक फोटो पाठवता का? निरोप वाचल्याची खूण आली. फोटो आला नाही.