जुना यशिका मॅट कॅमेरा घेताना मी कसा फसलो

मार्गशीर्षात आमच्या गावची जत्रा असते. रात्रभर देवळाच्या आवारात दशावतार चालतो, पहाटे दहीकाला होतो आणि मग माणसं घरी जातात. जुनी माणसं त्या सगळ्या प्रकारालाच धयकालो म्हणतात. गेल्या जत्रेत मला एकाच माणसाचे फोटो काढायचे होते. शेजारच्या वाडीतले एक काका चाळीस वर्षं दशावतारात स्त्रीपार्ट करत आलेत. गुडघे गेले, हे शेवटचं वर्ष, असं त्यांनी दिवाळीतच सांगितलं होतं. त्यांचा रंग चढताना, साडी नेसताना, उभं राहण्याची ढब बदलताना मला बघायचं होतं. ते कृष्णधवल फिल्मवर हवं होतं, तेही मोठ्या निगेटिव्हवर.

मोठी निगेटिव्ह का, ते सांगतो. माझ्या काकाचा कुडाळला स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप, सगळं तो दोन भिंगांच्या यशिकावर काढायचा. एका रोलवर बारा फोटो, सहा बाय सहा सेंटिमीटरचे. कधी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू, कधी मिळेल ती बाहेरची फिल्म. त्या निगेटिव्ह अजून आमच्या माळ्यावर आहेत. एक उजेडासमोर धरली की आजीच्या नऊवारीच्या काठाची वीण मोजता येते. त्याचा कॅमेरा मात्र २००५च्या पावसाळ्यात बुरशीने गेला. कोकणातल्या दमट हवेत लेन्स जपणं म्हणजे काय, हे आमच्या घराला माहीत आहे.

त्यामुळे एका खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर ‘यशिका मॅट १२४जी, कोरड्या हवेतला, बुरशी नाही, नुकतीच सर्व्हिसिंग केलेली’ अशी जाहिरात दिसली, तेव्हा मी तिथेच अडकलो. विकणारा मराठवाड्यातला म्हणाला. बोलायला अतिशय गोड, प्रत्येक वाक्यात दादा. कोकणातला माणूस बुरशीला किती घाबरतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तो त्यावरच बोलत राहिला. ‘आमच्याकडे वर्षाचे आठ महिने हवेत पाणीच नसतं दादा, तुमच्याकडचे कॅमेरे मी घेतच नाही.’ कॅमेरा आजोबांचा, १९६५ साली नवा घेतलेला, असंही त्याने सांगितलं. १२४जी बाजारात आला १९७० साली. मला हे माहीत होतं. पण आजोबांच्या आठवणीत चार-पाच वर्षं इकडेतिकडे होतात, म्हणून मी सोडून दिलं. सोडायला नको होतं. घरातल्या वस्तूची गोष्ट खरी असेल तर तिच्यासोबत काहीतरी येतंच: चामड्याची पेटी, जुनं बिल, आजोबांनी काढलेला एखादा फोटो. मी यातलं काहीच मागितलं नाही.

व्हिडिओ कॉलवर त्याने कॅमेरा फिरवून दाखवला. हँडल फिरवलं, शटर मारलं. टक्, टक्, टक्. आवाज छान होता. आता आठवतं, त्याने शटरचे दोनशेपन्नास आणि पाचशे (म्हणजे सेकंदाचा तेवढावा भाग) हे जलद वेगच लावून दाखवले. एक सेकंद, अर्धा सेकंद, पंधरा या हळू वेगांना हातच लावला नाही. खालच्या लेन्समधून टॉर्च मारून दाखव म्हटल्यावर त्याने वरच्या लेन्समध्ये मारला. वरची लेन्स फक्त बघायची असते, फोटो खालच्या लेन्सने निघतो. वरची स्वच्छ होती. ‘बघा, आरसा आहे नुसता,’ तो म्हणाला आणि मी मान डोलावली.

कॅमेऱ्याचे २४,००० आणि एचपी५ या इल्फोर्डच्या कृष्णधवल फिल्मचे पाच रोल ३,००० ला, असं ठरलं. सगळे पैसे यूपीआयने आधी दिले. सात दिवसांत तपासा, काही वाटलं तर परत घेतो, हे त्याने मेसेजमध्ये लिहूनही दिलं. त्या लिहिण्याने मी निर्धास्त झालो.

कॅमेरा आला तो दिसायला सुंदर. वरचं चामडं नवं, कडा पुसलेल्या. जाहिरातीतल्या फोटोत नावाच्या पट्टीवर एक बारीक तिरका चरा होता, माझ्या हातातल्या कॅमेऱ्यावर तो नव्हता. फोटोत उजेडाची रेघ आली असेल, असं मी मनाला समजावलं. रोल मात्र पाकिटात नव्हते, नुसते रबर लावलेले. विचारलं तर म्हणाला, स्टुडिओसाठी येणारं सुटं पॅकिंग आहे. एचपी५चा एकशेवीसचा, म्हणजे या कॅमेऱ्याच्या मापाचा, रोल बंद पाकिटात येतो. उघडा रोल म्हणजे मध्ये कुणाचा तरी हात लागला आहे.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडचा आधीचा चांगला रोल घालून वेंगुर्ल्याच्या बंदरावर गेलो. भर दुपार, लख्ख ऊन. चारशे आयएसओची फिल्म, म्हणजे सोळाचं अ‍ॅपर्चर आणि पाचशेचं शटर. बारा फोटो काढले, रात्री घरीच धुतले. होड्या, दोरखंड, दीपस्तंभ, सगळं स्वच्छ. त्याला ‘उत्तम आहे’ असा मेसेजही पाठवला. सगळ्यात मोठी चूक ती. त्या एका मेसेजवर तो पुढे उभा राहिला.

या कॅमेऱ्यात वरची आणि खालची लेन्स एकाच पाटीवर बसवलेली असते आणि दोन्ही एकत्र पुढेमागे सरकतात. वरच्या काचेवर जे स्पष्ट दिसतं तेच फिल्मवर स्पष्ट यायला हवं, सगळा भरवसा त्यावर. पण खालच्या लेन्सचा पुढचा भाग कुणी खोलला, पुसला आणि परत बसवताना नीट बसवला नाही, तर काचेवर एक दिसतं आणि फिल्मवर दुसरंच येतं. सोळाच्या अ‍ॅपर्चरवर हे लपतं, कारण तेवढ्या बारीक छिद्राने पुढचं-मागचं खूप काही स्पष्ट येतं. साडेतीनला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवली की, दीड मीटरवरच्या माणसाच्या पुढेमागे मिळून जेमतेम बारा सेंटिमीटर जागा स्पष्ट राहते. तिथे लेन्स खोटं बोलू शकत नाही. बंदरावरच्या उन्हात मी घेतलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हती.

जत्रेच्या रात्री रंगपटात बसलो. रंगपट म्हणजे देवळामागची खोली, एक ट्यूबलाइट, भिंतीला खुंट्या. काका पेटाऱ्याच्या झाकणाला आरसा टेकवून बसले होते. चेहऱ्यावर सफेद्याचा हात फिरला, मग भुवया, मग ओठ. मी तिकाटणं लावून, अ‍ॅपर्चर साडेतीन, शटर तीस, उजेड कमी म्हणून चारशेची फिल्म सोळाशेला धरून एकेक फोटो घेत होतो. भिंगाखाली काचेवर त्यांच्या डोळ्याची पापणी न् पापणी दिसत होती. शेवटी नथ घालून ते माझ्याकडे वळले, मान किंचित कलती केली आणि म्हणाले, ‘झिला, ह्यो माका होयो हा.’ हा मला हवा. त्या रात्री चार रोल संपवले. दोन माझे, दोन त्याने दिलेले.

फिल्म मी आयडी-११ या डेव्हलपरमध्ये धुतो. वीस अंशाला चौदा मिनिटं. आमच्याकडे डिसेंबरातही नळाचं पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतं, म्हणून टबात बर्फ टाकून टाकी त्यात ठेवावी लागते. आधी त्याचे दोन रोल धुतले. टाकी उघडली तर फिल्म जवळजवळ कोरी. चेहऱ्यांच्या जागी पुसट डाग, आणि सगळीकडे कागदाचे ठिपके उठलेले, एका ठिकाणी तर आकडासुद्धा. रोलच्या मागचा काळा कागद ओल्या-जुन्या फिल्मला वर्षानुवर्षं चिकटून राहिला की असे डाग उठतात. मग कडा बघितली. कारखान्यातून आलेल्या एचपी५च्या कडेला कंपनीचं नाव, फिल्मचं नाव आणि आकडे असतात, धुतल्यावर ते काळे उमटतात. फोटो आले नाहीत तरी ती अक्षरं येतात. इथे एक अक्षर नव्हतं. कुठलीतरी जुनी, मुदत संपलेली फिल्म कापून एचपी५च्या कागदात गुंडाळून मला विकली होती.

माझे दोन रोल धुतले तेव्हा कडेला अक्षरं ठळक आली, उजेडही बरोबर होता. वाळायला टांगले आणि भिंग लावून बघत बसलो. नथीच्या फोटोवर आलो. काकांचे डोळे पाण्यातून बघितल्यासारखे. ओठ विरघळलेले. आणि त्यांच्या कानामागे वीतभर अंतरावर, भिंतीच्या खुंटीला लटकणारं गंगावन, त्याचा केस न् केस कोरल्यासारखा स्पष्ट. चोवीसच्या चोवीस फोटोंत तेच. प्रत्येक वेळी फोकस माणसाला सोडून वीतभर मागे जाऊन बसला होता.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. मागचं दार उघडून, फिल्म ज्या पट्ट्यांवर टेकते तिथे बटर पेपर ताणून चिकटवला. शटर बीवर ठेवून केबल रिलीजने उघडं धरलं, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं. अंधार पडल्यावर अंगणाच्या टोकाला एक दिवा लावला आणि वरच्या काचेवर तो टिपून घेतला. बटर पेपरवर दिवा नव्हता, एक पसरट पिवळा गोळा होता. एवढं करायला मला दहा मिनिटं लागली. मग खालच्या लेन्समधून मागच्या बाजूने टॉर्च मारला तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा. बुरशी पुसलेली होती, पण तिने काचेवरचा थर खाल्ल्याच्या खुणा तशाच राहतात. एक सेकंदाला शटर लावलं तर ते अर्ध्यावर अडकून राहिलं.

फोन केला. पहिल्यांदा त्याने उचलला आणि शांतपणे म्हणाला, ‘दादा, तुम्हीच तर लिहिलंत उत्तम आहे म्हणून.’ सात दिवसही उलटून गेले होते. हे त्याच्याकडून चुकून झालेलं नाही, हे मला त्या आवाजावरून कळलं. त्यानंतर नंबर बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा क्रमांक मिळाला. पैसे मी स्वतःच्या हाताने पाठवले होते, त्यामुळे बँकेत फार काही हाती लागलं नाही. असं काही झालं तर पैसे गेल्याचं कळलेल्या तासातच १९३० ला फोन करा. मी अकरा दिवस नुसता त्याच्या मेसेजची वाट बघण्यात घालवले.

कॅमेरा मुंबईत एका जुन्या मेकॅनिककडे पाठवला. त्यांनी सांगितलं की पुढच्या काचेच्या रिंगवर पकडीचे ओरखडे आहेत, म्हणजे योग्य हत्याराशिवाय खोललेला, आणि आतली एक पातळ रिंग गायब आहे. दुरुस्तीला ४,५०० रुपये आणि अडीच महिने लागले. बुरशीच्या खुणा तशाच राहणार, उजेडासमोर धरला की फोटो थोडा फिका येणार. उजेडमापकाची सुई मी आता बघतच नाही. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेला आहे आणि ते सेल आता बनत नाहीत. ‘मीटर अचूक’ असं कुणी लिहिलं तर आत कुठला सेल घातलाय ते आधी विचारा.

जुना कॅमेरा घेऊ नका असं मी म्हणणार नाही. अजूनही मला यापेक्षा मोठा आनंद माहीत नाही. पण पैसे देण्याआधी मागच्या दारातून बटर पेपरवरचा फोटो मागा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून. शटर एक सेकंदाला लावून आवाज ऐकवायला सांगा. टॉर्च खालच्या लेन्समधून, मागून पुढे. कॅमेऱ्यावरचा नंबर आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी एकाच फोटोत मागा. ज्याच्याकडे कॅमेरा आहे त्याला यातलं काहीही जड नाही. आणि रोल विकणाऱ्याच्या शब्दावर घेऊ नका, बंद पाकिटातलाच घ्या, तोही मुदत बघून.

कॅमेरा परत आला तेव्हा शिमगा होऊन गेला होता. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी जाऊन सगळं खरं सांगितलं आणि विचारलं, घरीच एकदा रंग लावाल का, खिडकीच्या उजेडात काढू. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘देवळाभायर रंग लावूचो नाय रे.’ मी परत विचारलं नाही. गंगावन स्पष्ट असलेला तो फोटो त्यांनी मागून घेतला, तो त्यांच्या ओटीवर लावलेला आहे.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर तीच जाहिरात आली. नाव वेगळं, नंबर वेगळा, फोटो तेच, नावाच्या पट्टीवरचा तिरका चराही तोच. कोरड्या हवेतला, बुरशी नाही. मी खाली दोन ओळी लिहिल्या, दहा मिनिटांत त्या काढून टाकल्या गेल्या. म्हणून इथे लिहिलं. तो चरा दिसला तर पैसे पाठवू नका.