कंबरेचा एमआरआय: मॅग्नेटला पैकीच्या पैकी, रिपोर्ट काठावर पास

सात आठवडे डाव्या पायात कळ घेऊन वावरल्यावर शेवटी एमआरआय काढला. त्याला आता तीन महिने होऊन गेले. तेव्हाच लिहायला बसले असते तर नुसता वैताग उतरला असता, म्हणून थांबले. सेंटरचं नाव देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार त्या एका सेंटरपुरती नाहीच.

आधी माझा चष्मा कुठल्या नंबरचा आहे ते सांगते. वय ५०, कॉलेजात फिजिक्स शिकवते. पीएच.डी. कंडेन्स्ड मॅटरमध्ये, म्हणजे संघनित द्रव्याच्या भौतिकशास्त्रात, आणि त्यातही सुपरकंडक्टरवर, म्हणजे अतिथंड केल्यावर विजेला जराही विरोध न करणाऱ्या पदार्थांवर. त्या काळी रात्री-अपरात्री क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे अतिथंडी टिकवणाऱ्या भांड्यात, द्रव हेलियम भरत बसायचे. आमचा मॅग्नेट मुठीएवढ्या पोकळीचा होता. माणूस आत झोपेल एवढ्या मॅग्नेटपाशी जायची वेळ पेशंट म्हणूनच यायची होती.

दुखणं असं होतं: ढुंगणापासून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत वीज उतरल्यासारखी कळ, आणि पावलाची बाहेरची कड बधिर. डॉक्टरांनी सहा आठवडे एमआरआयचं नावही काढलं नाही. मला तेव्हा राग आला होता, आता वाटतं बरोबरच केलं त्यांनी. सातव्या आठवड्यात त्यांनी एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं. उजव्यावर राहिले, डाव्यावर टाच उचलेचना. टाचेच्या शिरेवर हातोडी मारली तर उजवं पाऊल उडालं, डावं ढिम्म. मग म्हणाले, "आता काढू या." त्यांच्या चिठ्ठीवर त्यांचा अंदाज लिहिलेला होता: डावीकडची एस१ नस, म्हणजे कण्याच्या तळाशी निघून पायात उतरणारी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सेंटरवरची व्यवस्था चोख. दिलेल्या वेळेनंतर दहा मिनिटांत आत घेतलं. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, असे सगळे प्रश्न फॉर्मवर होते. टेक्निशियननं तेच पुन्हा तोंडी विचारले, याचे त्याला जादा गुण. फॉर्मवर आपण डोळे मिटून 'नाही, नाही' खुणा करत जातो. मीही तेच केलं होतं. त्यानं माझ्या अंबाड्याकडे बोट दाखवलं.

"ताई, पिना?"

दोन निघाल्या. मॅग्नेटवर व्याख्यानं देणाऱ्या बाईच्या डोक्यात दोन लोखंडी पिना!

"या तुमच्या आधी मशीनमध्ये पोचल्या असत्या," तो म्हणाला. अतिशयोक्ती फारशी नव्हती. मशीन दीड टेस्लाचं होतं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण ३०,००० पट. आणि हे क्षेत्र स्कॅन चालू असताना येतं आणि संपल्यावर जातं असं नाही. रात्री दिवे मालवून सगळे घरी गेले तरी ते तिथंच असतं. मॅग्नेटच्या सुपरकंडक्टर तारेत प्रवाह एकदा सोडला, दोन्ही टोकं सुपरकंडक्टिंग स्विचनं जोडली आणि बाहेरची वीज काढून घेतली की तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. शिकवताना हे वाक्य शेकडो वेळा उच्चारलंय. त्या टेबलावर आडवी पडल्यावर पहिल्यांदा अंगावर काटा आला.

आत शिरल्याबरोबर ओळखीचा आवाज कानावर पडला. चिक्-शू, चिक्-शू, सेकंदाला साधारण एक. बहुतेकांना वाटतं स्कॅन सुरू झाला. स्कॅन नव्हे, तो हेलियम थंड ठेवणाऱ्या कूलरचा श्वास. आमच्या लॅबमध्ये असा आवाज असता तर माझ्या कितीतरी रात्री झोपेत गेल्या असत्या! आमचं हेलियम उडून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. या कूलरचं मर्म त्याच्या पोटातल्या बारीक गोळ्यांत असतं. ४ केल्विनच्या, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सियसच्या, आसपास शिसं-तांब्यासारखे धातू उष्णता धरून ठेवायला नालायक ठरतात. एर्बियम-निकेल किंवा होल्मियम-कॉपर यांसारखी संयुगं मात्र नेमकी तिथंच आपली चुंबकीय मांडणी बदलतात आणि त्या बदलात भरपूर उष्णता जिरवतात. त्यामुळे उडालेलं हेलियम आतल्या आत पुन्हा द्रव होतं. एर्बियम-होल्मियमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंच्या विशिष्ट उष्णतेवर कुणीतरी केलेलं रटाळ वाटणारं संशोधन माझ्या कंबरेपाशी चिक्-शू करत होतं.

तारेबद्दल तर किती लिहू! नायोबियम-टायटॅनियमची तार, ९ केल्विनच्या आसपासच्या तापमानाखाली सुपरकंडक्टर. पण नुसतं सुपरकंडक्टर असणं पुरत नाही. डच भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओन्स यांनी १९११ साली पाऱ्यात हा गुण शोधला, तेव्हाच त्यांना बलवान मॅग्नेटची स्वप्नं पडू लागली होती. पण थोडंसं चुंबकीय क्षेत्र वाढलं की त्या शुद्ध धातूंचं अवसान गळायचं. नायोबियम-टायटॅनियममध्ये क्षेत्र बारीक भोवऱ्यांच्या रूपात आत शिरतं, आणि तरी तार सुपरकंडक्टरच राहते. अडचण एवढीच, की हे भोवरे सरकू लागले तर तार तापते. त्यांना जागच्या जागी खिळवतात ते तारेतले दोष. तार मुद्दाम ताणून, तापवून, पुन्हा ताणून तिच्यात टायटॅनियमचे सूक्ष्म कण बाहेर काढतात. निर्दोष तार या कामी अगदी कुचकामी. या भोवऱ्यांचा सिद्धांत मांडणाऱ्या अब्रिकोसोव्ह यांना २००३ सालच्या भौतिकीच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, आणि त्याच २००३ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल लाउटरबर आणि मॅन्सफील्ड यांना एमआरआयसाठी. दोन वेगळ्या समित्यांनी एकाच यंत्राची दोन टोकं धरली असं मला नेहमी वाटतं.

दोषांची ही गोष्ट उगाच सांगत नाही. रिपोर्ट वाचताना ती मला परत आठवली.

स्कॅन सुमारे २५ मिनिटांचा. गुडघ्यांखाली उशी, हातात दाबायचा फुगा, कानात बोळे आणि वर हेडफोन. तरीही ठोकठोक, घरघर आणि कारखान्याच्या भोंग्यासारखी पीं ऐकू येतेच. बलवान क्षेत्रात बसवलेल्या ग्रेडियंट कॉइलमधला, म्हणजे क्षेत्र जागोजागी किंचित बदलणाऱ्या वेटोळ्यांमधला, प्रवाह झपाट्यानं उलटसुलट होतो आणि प्रत्येक वेळी त्या कॉइलला धक्का बसतो, म्हणून हा गोंगाट. बाकी आपल्याला काही जाणवत नाही. शरीरातल्या पाण्याचे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची चिमुकल्या चुंबकांसारखी वागणारी अणुकेंद्रं, ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे एफएम रेडिओच्या जरा खाली, गात असतात. तेही सगळे नव्हेत: क्षेत्राच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे यांतला फरक दहा लाखांत साधारण पाचच. बाकीचे एकमेकांना रद्द करतात. त्या पाचांच्या कुजबुजीवरून चित्र काढायचं. मला विचाराल तर माणसानं बनवलेल्या उत्तम वस्तूंपैकी ही एक आहे. पैकीच्या पैकी गुण.

मध्येच पाय आखडला आणि मी बोटभर हलले. हेडफोनमधून लगेच, "ताई, हलू नका हं, हा भाग परत घेतो." न वैतागता परत घेतला.

चित्रं त्याच संध्याकाळी मिळाली. अप्रतिम. मणके, त्यांच्यामधल्या चकत्या, मागे पांढऱ्या पाण्यात तरंगणाऱ्या नसांचे धागे. ज्या चकतीत पाणी टिकून आहे ती उजळ, सुकलेली काळी. माझ्या खालच्या दोन काळ्या होत्या, आणि सर्वांत खालच्या चकतीचा एक कोंब डावीकडे मागं सरकून एका नसेला टेकला होता. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलेली तीच ती एस१. हातोडीनं जे सांगितलं ते मॅग्नेटनं दाखवलं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, आणि इथून गुण घसरायला लागले.

त्यात पाच गोष्टी एकाखाली एक लिहिल्या होत्या. दोन चकत्या 'झिजलेल्या'. एक 'फुगलेली'. एकीच्या कडेला बारीक भेग. मणक्यांच्या मागच्या सांध्यात 'बदल'. आणि पाचवा तो कोंब. पाचही एकाच पट्टीत, एकाच सुरात. माझ्या बहिणीनं तो कागद वाचला आणि तिचे डोळे भरून आले. "अगं, तुझी तर सगळी कंबरच गेली की."

मला मात्र ते तारेतले दोष आठवत होते. दोष आहे हे खरं, पण तो करतोय काय? हा प्रश्न रिपोर्टात कुठं विचारलेलाच नव्हता.

हा प्रश्न विचारणारं संशोधन बरंच झालेलं आहे. १९९४ साली ९८ अशा लोकांच्या कंबरेचे एमआरआय काढले गेले ज्यांची कंबर दुखत नव्हती. त्यांतल्या ५२ टक्के लोकांची किमान एक चकती फुगलेली निघाली, २७ टक्क्यांची बाहेर आलेली. २०१५ साली अशा ३३ अभ्यासांची बेरीज झाली, ३,११० माणसं, कुणालाच दुखणं नाही. पन्नाशीच्या लोकांत ८० टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या होत्या आणि ६० टक्क्यांच्या फुगलेल्या. विशीतल्या पोरांमध्येही झीज ३७ टक्के. म्हणजे माझ्या रिपोर्टातल्या पहिल्या चार ओळी माझ्या वयाबद्दल होत्या. केस पिकलेत, असंही त्यात लिहायला हरकत नव्हती!

याहून गंमत २०१७ सालची. पायात कळ असलेल्या ६३ वर्षांच्या एका बाईंचा तीन आठवड्यांत दहा निरनिराळ्या सेंटरांत एमआरआय काढला. दहा रिपोर्टांत मिळून ४९ निष्कर्ष निघाले, आणि त्यांतला एकही दहाच्या दहा रिपोर्टांत नव्हता. बाई एकच, कंबर एकच. माझ्या प्रॅक्टिकलच्या मुलांनी असं वाचन आणलं असतं तर वह्या परत केल्या असत्या.

मग रिपोर्टातच 'दुखणं नसलेल्यांतही हे इतक्या टक्के आढळतं' अशी ओळ का छापत नाहीत? मला वाटलं होतं, एवढ्यानं काम होईल. ते करून पाहिलंय, सुमारे अडीच लाख पेशंटांवर, २०२० साली निष्कर्ष आले. पुढच्या तपासण्या आणि उपचारांचा पसारा काही कमी झाला नाही. अफूच्या जातीच्या वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या तेवढ्या किंचित घटल्या. तरी ती ओळ हवीच असं माझं मत आहे. निदान बहिणीचं रडणं वाचलं असतं.

आता खास या सेंटरची चूक. रिपोर्टाच्या पोटात लिहिलं होतं 'डावीकडे', आणि शेवटच्या ठळक सारांशात 'उजवीकडे'. घाईत सारांशच वाचतात सगळे! चिठ्ठीवर डॉक्टरांनी बाजू लिहिली होती म्हणून माझ्या लक्षात आलं. फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, टायपिंग मिस्टेक असेल, डॉक्टरांना कळतं ते." मी म्हटलं, कळत असेल, पण मला लेखी दुरुस्ती हवी. दुसऱ्या दिवशी दुरुस्त कागद आला. दिलगिरीचा शब्दही नाही. त्याच फोनवर त्या टक्केवारीच्या ओळीचंही विचारून घेतलं. "तसा फॉरमॅट नाही आपल्याकडे."

पुढचं थोडक्यात. ऑपरेशन केलं नाही. पाय आणखी कमजोर झाला तर लगेच या, असं बजावून डॉक्टरांनी चालणं आणि व्यायाम सांगितला. त्यांनीच एक उलटं वाटणारं सांगितलं, मी नंतर शोधून वाचलं: चकतीचा तुकडा जितका जास्त बाहेर आलेला, तितकी तो आपोआप आक्रसण्याची शक्यता जास्त. २०१५ सालच्या एका आढाव्यात पूर्ण तुटून सुटलेल्या तुकड्यांपैकी ९६ टक्के आक्रसले होते, नुसत्या फुगलेल्या चकत्यांपैकी १३ टक्केच. बाहेर पडलेला तुकडा शरीराला परका वाटतो आणि पांढऱ्या पेशी तो साफ करतात. चित्रात भयानक दिसणारं आधी जातं आणि बिनकामाचं सौम्य तिथंच राहतं. आता मला डाव्या चवड्यावर उभं राहता येतं, जरा थरथरत. पुन्हा स्कॅन काढलेला नाही. त्या कोंबाचं काय झालं याचं कुतूहल आहे, पण कुतूहलासाठी यंत्र अडवायचं नाही.

कुणी काढावा? लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसण्याची जागा बधिर झाली, तर हे परीक्षण-बिरीक्षण वाचत बसू नका, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. पायाची ताकद कमी होत असेल, कंबरेबरोबर ताप असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर डॉक्टर स्वतःच पाठवतील. नुसती कंबर धरलीय आणि आठवडा झालाय, तर थांबा.

परवा वहिनींचा फोन आला. "अगं, तू एमआरआय कुठं काढलास गं? माझी कंबर चार दिवस झाले धरलीय." मी विचारलं, पायात कळ जाते का, मुंग्या येतात का, लघवीला काही त्रास? "छे गं, नुसती कंबर." मग म्हटलं, एका पायाच्या चवड्यावर उभ्या राहून दाखवा. फोनवरून मला काय दिसणार, पण त्या उभ्या राहिल्या. आधी उजव्या, मग डाव्या. "राहिले की," म्हणाल्या, "आता पत्ता देतेस का?"

अजून दिलेला नाही.